याचिका कुणीही दाखल करू शकतो

२६ मे २००९ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रपोझिशन ८’ वैध ठरवलं. आदल्या नोव्हेंबरात मतदारांनी ५२ टक्के मतांनी मंजूर केलेल्या या घटनादुरुस्तीमुळे राज्यातले समलिंगी विवाह बंद पडले होते. दुसऱ्याच दिवशी ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर इक्वल राइट्स’ या नव्याकोऱ्या संस्थेनं लॉस एंजेलिसमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि या दुरुस्तीविरुद्ध आपण फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयात गेल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास एसीएलयू, लॅम्डा लीगल, ग्लॅड, नॅशनल सेंटर फॉर लेस्बियन राइट्स, फ्रीडम टू मॅरी, ह्यूमन राइट्स कॅम्पेन अशा नागरी आणि समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संस्थांचं संयुक्त निवेदन निघालं. त्याचा मथितार्थ एवढाच होता, की फेडरल खटले घालू नका, आधी लोकमत वळवा.

दोन्ही गट समलिंगी विवाहाच्याच बाजूचे. हे भांडण धाडसी विरुद्ध भित्रे असं रंगवायची पद्धत पडली आहे. ते वाचायला बरं वाटतं, पण त्यातून काही शिकता येत नाही. खरा पेच असा, की हक्कांच्या चळवळीत नकाराधिकार कुणाकडेच नसतो. पक्षाला हायकमांड असतं, युनियनला सरचिटणीस असतो. इथे एक जोडपं, एक वकील आणि कोर्टफीचे पैसे एवढ्यावर सगळ्यांच्या वतीनं खटला उभा राहतो. जिंकला तर सगळ्यांचा, हरला तरी सगळ्यांचाच. म्हणून ‘आत्ता नको’ हे धोरण अर्धंच असतं. आपलं न ऐकता कुणी दावा लावलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण काय करणार, हे उरलेलं अर्धं. अमेरिकेतल्या संस्था ते उशिरा शिकल्या, पण शिकल्या. आपल्याकडे २०२३ मध्ये, समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा, ते जमलं नाही, आणि त्याची किंमत अजून चुकती होते आहे.

जुन्या संस्थांची भीती पोकळ नव्हती. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा जॉर्जिया राज्याचा कायदा १९८६ साली बॉवर्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला. तो निकाल उलटायला २००३ साल उजाडलं. मधली सतरा वर्षं मुलांचा ताबा, नोकरी अशा भलत्याच खटल्यांत तो निकाल समोरच्या वकिलाला आयताच सापडत राहिला. अवेळी हरण्यानं नुसता एक खटला जात नाही, पुढच्या पिढीच्या खटल्यांचीही वाट अडते.

हवाईचा अनुभव मात्र या सावधपणाच्या विरुद्ध बाजूनं बोलतो. तिथल्या तीन जोडप्यांनी १९९० च्या डिसेंबरात विवाहाचा परवाना मागितला. राष्ट्रीय संस्थांनी सुरुवातीला वकीलपत्र घ्यायला नकार दिला, तेव्हा डॅन फोली या स्थानिक वकिलानं ते घेतलं. मे १९९३ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की परवाना नाकारणं हा सकृद्दर्शनी लिंगभेद आहे आणि त्याला सबळ कारण असल्याचं सरकारनं सिद्ध करावं. ज्या खटल्याला शहाण्यांनी हात लावला नव्हता तोच जिंकायच्या वाटेला लागला. लॅम्डाचे एव्हन वुल्फसन पुढे त्यात सहवकील झाले. पण हा निकाल पेलण्याची तयारी कुठेच नव्हती, ना हवाईत ना वॉशिंग्टनमध्ये. हवाईत लग्नं झाली तर बाकीच्या राज्यांनाही ती मानावी लागतील, या धास्तीनं १९९६ साली काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ‘डोमा’ हा कायदा केला: केंद्राच्या लेखी लग्न फक्त स्त्री-पुरुषांचं, आणि दुसऱ्या राज्यातलं समलिंगी लग्न मानायची सक्ती कुठल्याही राज्यावर नाही. प्रतिनिधिगृहात ३४२ विरुद्ध ६७, सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४. सही डेमोक्रॅट क्लिंटन यांची. १९९८ मध्ये हवाईच्या मतदारांनी सुमारे ६९ टक्के मतांनी घटनादुरुस्ती करून तो खटलाच निकामी केला. एका बेटावरचा दावा शेवटाला जाण्याआधीच सबंध देशाचा कायदा विरोधात उभा राहिला होता.

यातून ग्लॅडच्या वकील मेरी बोनॉटो यांनी काढलेला निष्कर्ष पुढच्या सगळ्या लढाईचा कणा ठरला. निकाल कुठे मिळेल, एवढंच पाहून भागत नाही. मिळालेला निकाल उलटवणं कुठे अवघड आहे, तेही पाहावं लागतं. कॅलिफोर्नियात राज्यपालपदाच्या मागच्या निवडणुकीतल्या मतदानाच्या ८ टक्के सह्या गोळा केल्या की घटनादुरुस्ती थेट मतपत्रिकेवर येते आणि साध्या बहुमतानं मंजूर होते. मॅसॅच्युसेट्समध्ये तसं नाही. तिथे दुरुस्तीला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची मान्यता लागते, तीही लागोपाठच्या दोन विधिमंडळांत, आणि त्यानंतर सार्वमत. आमदारांनी आणलेली दुरुस्ती असेल तर २०० पैकी १०१ मतं लागतात, नागरिकांच्या सह्यांनी आलेली असेल तर ५० पुरतात. म्हणजे निकाल लागल्यावर निदान दोन-अडीच वर्षं हातात. तेवढ्या अवधीत हजारो लग्नं होतात, शेजारपाजारच्यांना त्यांची सवय होते, आणि आकाश कोसळलेलं नाही हे आमदारालाही दिसतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहाचा हक्क मागणारा गुडरिज खटला एप्रिल २००१ मध्ये दाखल झाला, १८ नोव्हेंबर २००३ ला ४ विरुद्ध ३ मतांनी जोडप्यांच्या बाजूनं निकाल लागला आणि १७ मे २००४ ला लग्नं सुरू झाली. खरी लढाई त्यानंतरची आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. मार्च २००४ मध्ये विधिमंडळानं मधला मार्ग म्हणून एक दुरुस्ती १०५ विरुद्ध ९२ मतांनी पहिल्या फेरीत मंजूर केली. तीत विवाहाला बंदी होती, पण सिव्हिल युनियनला, म्हणजे लग्नाचं नाव न देता त्याचे हक्क देणाऱ्या नोंदणीला, मान्यता होती. पुढच्या विधिमंडळात, सप्टेंबर २००५ मध्ये, तीच दुरुस्ती १५७ विरुद्ध ३९ मतांनी पडली. विवाहाच्या बाजूचे आमदार वाढले होतेच, शिवाय कट्टर विरोधकांनाही सिव्हिल युनियनचं शेपूट नको होतं. त्यांनी सह्यांची वेगळी, कडक दुरुस्ती आणायचं ठरवलं. तिला ५० मतं पुरणार होती. जानेवारी २००७ मध्ये तिला ६२ मिळाली. १४ जून २००७ च्या दुसऱ्या फेरीत मिळाली ४५. पाच मतांनी दुरुस्ती बारगळली आणि सार्वमत झालंच नाही.

६२ वरून ४५ कसे झाले, यात या राजकारणाचं सगळं मर्म आहे. मॅसइक्वॅलिटी या आघाडीनं तीन वर्षं एकच नियम पाळला: विवाहाच्या बाजूनं मत देणाऱ्या आमदाराला पुढच्या निवडणुकीत एकटं सोडायचं नाही. पैसा, कार्यकर्ते, दारोदार फिरणं, सगळं त्याच्या पाठीशी. २००४ आणि २००६ या दोन्ही निवडणुकांत अशा मतामुळे पायउतार झालेला एकही आमदार विरोधकांना दाखवता आला नाही. कुंपणावरच्या आमदाराला तत्त्वज्ञान नको असतं. आधी मत दिलेल्यांचं काय झालं, हे त्याला बघायचं असतं. त्याच्या जोडीला मतदारसंघातली विवाहित जोडपी आमदाराच्या कार्यालयात जाऊन बसत. मुलं, आईवडील यांच्यासह. अशा भेटी कंटाळवाण्या असतात, त्यांची बातमी होत नाही आणि त्यांना देणग्याही मिळत नाहीत. पण ती पाच मतं तिथूनच आली.

देशभर मात्र नोव्हेंबर २००४ मध्ये एकाच दिवशी अकरा राज्यांत बंदीच्या दुरुस्त्या मंजूर झाल्या. हबकलेल्या संस्था २००५ मध्ये न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत जमल्या. तिथे ठरलेली योजना ‘१०-१०-१०-२०’ म्हणून ओळखली जाते. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत दहा राज्यांत विवाह, दहांत सिव्हिल युनियन किंवा तत्सम पूर्ण दर्जा, दहांत काही हक्क, आणि उरलेल्या वीसांत निदान वातावरण निवळलेलं. एवढं झालं की सर्वोच्च न्यायालय किंवा काँग्रेस उरलेलं पूर्ण करेल. कागदावर ही योजना रटाळ दिसते. तिचा उपयोग वेगळा होता: अलाबामातल्या कार्यकर्त्याला ‘तुझं काम विवाह मागणं नाही, तुझ्या राज्याला चौथ्या खान्यातून तिसऱ्यात आणणं आहे’ असं तोंडावर सांगता येऊ लागलं, आणि देणगीदारांना पैसा कुठे ओतू नये हेही.

कॅलिफोर्नियात हे गणित कोसळलं. मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं विवाहाला परवानगी दिली, सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्नं केली, आणि नोव्हेंबरात प्रपोझिशन ८ मंजूर झालं. दोन्ही बाजूंचा मिळून आठ कोटी डॉलर्सच्या वर खर्च झाला होता, तेव्हा पैसा कमी पडला म्हणायला जागा नव्हती. चूक संदेशात होती. विवाहाच्या बाजूच्या जाहिरातींत समलिंगी जोडपी जवळपास दिसतच नव्हती. ‘हा अन्याय आहे’, ‘घटनेत भेदभाव नको’ अशी वकिली भाषा होती. समोरून एक छोटी मुलगी शाळेतून घरी येते आणि आईला सांगते, की राजपुत्रानं राजपुत्राशी लग्न केल्याची गोष्ट आज शिकले. एवढीच जाहिरात. तिला उत्तर द्यायला फार उशीर झाला आणि घरात लहान मुलं असलेले पालक शेवटच्या आठवड्यांत फिरले. मुलांचा विषय काढू नये, तो आपल्या विरोधात जातो, असा सल्लागारांचा सल्ला होता. न काढल्यामुळेच तो विरोधात गेला.

ऑरेगॉनमधल्या संस्थांनी नंतर मतदारांना दोन साधे प्रश्न विचारून पाहिले. तुमच्यासारखी माणसं लग्न का करतात? उत्तर: प्रेम, साथ, जबाबदारी. समलिंगी जोडप्यांना लग्न का हवंय? उत्तर: हक्क आणि फायदे. हे दुसरं उत्तर मतदारांना चळवळीनंच शिकवलं होतं. पेन्शन, वारसा, दवाखान्यात भेटीचा हक्क यांच्या याद्या वर्षानुवर्षं वाचून दाखवल्यावर, यांना लग्न नको, लग्नाचे फायदे हवेत, असा समज व्हायचाच. पुढच्या मोहिमांत बोलणारे बदलले. म्हातारे आईवडील, धर्मगुरू, निवृत्त सैनिक, मत बदललेले रिपब्लिकन. मेनमध्ये २००९ साली विधिमंडळानं केलेला कायदा मतदारांनी जवळपास ५३ टक्क्यांनी रद्द केला होता. तिथेच २०१२ मध्ये विवाहाची बाजू जिंकली, आणि या वेळी सार्वमत स्वतः मागून. त्याच दिवशी मेरीलँड आणि वॉशिंग्टन ही राज्यंही जिंकली गेली आणि मिनेसोटानं बंदीची दुरुस्ती फेटाळली. मिनेसोटात दुरुस्तीला त्या निवडणुकीत मतदान केलेल्या सगळ्यांचं बहुमत लागतं, म्हणजे तो रकाना कोरा सोडला तरी ते मत विरोधात मोजलं जातं. असले नियम घोषणांपेक्षा जास्त मतं फिरवतात.

आता प्रपोझिशन ८ विरुद्धच्या २००९ च्या त्या खटल्याकडे. चॅड ग्रिफिन हे राजकीय सल्लागार आणि चित्रपट दिग्दर्शक रॉब रायनर यांनी उभ्या केलेल्या संस्थेनं वकील निवडले टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइस. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या बुश विरुद्ध गोर खटल्यात समोरासमोर उभे असलेले दोघे. ओल्सन तर बुश यांचे सॉलिसिटर जनरल राहिलेले. जुन्या संस्थांनी आधी विरोध केला, आणि जुलैमध्ये मात्र त्याच खटल्यात पक्षकार म्हणून सामील करून घेण्याची मागणी केली. नव्या संस्थेनं त्यांच्या हातावर वाटाण्याच्या अक्षता ठेवल्या: कालपर्यंत खटला नको म्हणत होता, आज त्यात जागा मागता? न्यायमूर्ती वॉकर यांनी सॅन फ्रान्सिस्को शहराला आत घेतलं, संस्थांना बाहेर ठेवलं. विरोध जाहीर निवेदनानं करायचा आणि मग आत शिरायची परवानगी मागायची, हा दोन्हीकडून नुकसान करणारा क्रम होता. शिरायचंच होतं तर आधीच दार ठोठवायला हवं होतं.

हा खटला कायद्याच्या दृष्टीनं काय देऊन गेला? जानेवारी २०१० मध्ये बारा दिवस साक्षी झाल्या. बंदीच्या बाजूनं फक्त दोन तज्ज्ञ साक्षीला उभे राहिले आणि त्यांपैकी डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांनी पुढे २०१२ मध्ये जाहीरपणे मत बदललं. ऑगस्ट २०१० चा वॉकर यांचा निकाल भरभक्कम होता. पण अपील न्यायालयानं तो ‘एकदा दिलेला हक्क काढून घेता येत नाही’ एवढ्यापुरता अरुंद केला, आणि २६ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रश्नाला हातच लावला नाही. राज्य सरकारनं बचाव सोडून दिला होता, प्रपोझिशन ८ च्या पुरस्कर्त्यांना अपिलाचा अधिकारच नव्हता, असं ५ विरुद्ध ४ नं सांगून खटला मिटवला. सबंध देश मागायला गेलेल्यांच्या पदरात कॅलिफोर्निया पडलं. हे कमी नव्हे, ते मोठं राज्य आहे. आणि ओल्सन यांच्यासारखा माणूस उभा राहिल्यानं रिपब्लिकन मतदारांत जो फरक पडला तो कुठल्या निकालात मोजता येत नाही. पण बार्‍याच वृत्तांतांत या खटल्याला देशभरातल्या विजयाचं श्रेय दिलं जातं, ते चूक आहे.

त्याच दिवशी त्याच न्यायालयानं विंडसर खटल्यात डोमाचं तिसरं कलम, म्हणजे केंद्राच्या लेखी लग्न फक्त स्त्री-पुरुषांचं असं सांगणारं, रद्द केलं, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं. इडिथ विंडसर यांनी आपल्या जोडीदाराशी टोरांटोत लग्न केलं होतं. जोडीदाराच्या मृत्यूनंतर फेडरल सरकारनं त्यांच्याकडून ३,६३,०५३ डॉलर्स वारसाकर घेतला. नवरा असता तर शून्य. त्यांची मागणी एवढीच होती, की राज्यानं मानलेलं लग्न केंद्रानंही मानावं आणि पैसे परत करावेत. ही वाट बोनॉटो यांनी मार्च २००९ मध्ये दाखल केलेल्या गिल खटल्यात आधीच आखली होती. कुठल्याही राज्याला नवं लग्न मान्य करायला लावायचं नाही, झालेल्या लग्नांवर केंद्र का डोळे मिटतं एवढंच विचारायचं. अशा खटल्यात सरकारला ‘विवाहसंस्था’ वाचवता येत नाही, एका विधवेकडून घेतलेल्या कराचं समर्थन करावं लागतं. रुपया-पैशात मांडता येणारी तक्रार न्यायाधीशाला जास्त अडचणीत आणते.

विंडसरनंतर खटल्यांचा पूर आला आणि त्यांत संस्थांनी घातलेले थोडेच होते. युटाचा खटला स्थानिक वकिलांनी राष्ट्रीय पाठबळाशिवाय लावला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जिंकला. मिशिगनमधल्या दोन परिचारिका तर संयुक्त दत्तकविधानासाठी कोर्टात गेल्या होत्या. तुमची खरी अडचण विवाहबंदीची आहे, दावा दुरुस्त करा, असं न्यायाधीशांनीच सुचवलं. या वेळी राष्ट्रीय संस्थांनी निवेदनं काढली नाहीत. अपिलाच्या टप्प्यावर वकील दिले, मसुदे तपासले, सराव सुनावण्या घेतल्या. एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुख्य प्रश्नावर उभ्या राहिल्या त्या मिशिगनच्या जोडप्याच्या बाजूनं मेरी बोनॉटो. स्थानिक वकिलांनी आपली जागा सोडली, संस्थेनं त्यांचा खटला आपला मानला. २००९ च्या भांडणातून घेतलेला धडा तो हाच. २६ जून २०१५ ला देशभर समलिंगी विवाह खुला करणारा ओबर्गेफेल निकाल लागला तेव्हा ३७ राज्यांत विवाह आधीच सुरू होते.

समोरच्या बाजूलाही फाटे होतेच. फेडरल घटनादुरुस्तीत फक्त ‘विवाह’ हा शब्द राखायचा की सिव्हिल युनियनही बंद करायच्या, यावर त्यांचे गट भांडत राहिले. २००४ मध्ये सिनेटमध्ये चर्चा संपवायच्या ठरावाला ६० हव्या असताना ४८ मतं मिळाली. ॲरिझोनानं २००६ साली व्यापक बंदी फेटाळली, कारण तिच्यात अविवाहित स्त्री-पुरुष जोडप्यांचेही लाभ जात होते. २००८ मध्ये विवाहापुरती अरुंद बंदी आणली तर तीच मंजूर झाली. जास्त मागणं अंगलट येतं, हे दोन्हीकडे सारखंच खरं.

जिंकणाऱ्यांनी दिलेली किंमतही सांगायला हवी. विवाहच का, कुटुंबाचे इतर प्रकार का नकोत, हा वाद लॅम्डातच १९८९ मध्ये टॉम स्टॉडर्ड आणि पॉला एटेलब्रिक यांच्यात झाला होता. एटेलब्रिक यांचा आक्षेप होता, की विवाह मिळवताना विवाहाबाहेरची माणसं मागे पडतील. सभ्य, स्थिरावलेली, ‘तुमच्याआमच्यासारखी’ जोडपी पुढे करणाऱ्या संदेशात ते घडलंच. ओबर्गेफेलनंतर पाच महिन्यांच्या आत ह्यूस्टन शहराचा भेदभावविरोधी नियम मतदारांनी ६१ टक्क्यांनी रद्द केला, तोही स्वच्छतागृहात पुरुष शिरतील या एका भीतीवर. ट्रान्स माणसांसाठी ना संदेश तयार होता ना पैसा. फ्रीडम टू मॅरीनं २०१६ च्या सुरुवातीला काम संपलं म्हणून कुलूप लावलं.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या जमिनीवरची आहे. इथे सार्वमत नाही, राज्यांची वेगळी घटना नाही, आणि सर्वोच्च न्यायालय वाटेल तेव्हा उच्च न्यायालयांतले दावे स्वतःकडे ओढून घेऊ शकतं. नेमकं तेच झालं. २०२० पासून केरळ आणि दिल्ली उच्च न्यायालयांत वेगवेगळ्या याचिका चालू होत्या. कुणी विशेष विवाह कायदा धरला होता, कुणी हिंदू विवाह कायदा. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही जोडपी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ जानेवारी २०२३ ला सगळे दावे तिथे आले आणि मार्चमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेले. एप्रिल-मे मध्ये दहा दिवस सुनावणी झाली. उच्च न्यायालयांत एकेक वेगळा, छोटा प्रश्न जिंकत येण्याची शिडी त्या जानेवारीतच काढून घेतली गेली होती. अर्जदारांचा यात दोष कमी. पण शिडी गेली आहे हे ओळखून मागणीची मांडणी बदलायला हवी होती, ती बदलली नाही.

न्यायालयानं पहिल्याच दिवशी विषय १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरता मर्यादित केला. तिथेच गुंता होता. त्या कायद्याच्या कलम ४(क) मध्ये पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ लिहिलं आहे, कलम २१-अ दोन हिंदूंच्या लग्नाला हिंदू वारसा कायद्याशी जोडतं. ‘जोडीदार’ असा एक शब्द घातला की वारसा, पोटगी, घटस्फोट सगळीकडचे धागे ताणले जातात, आणि सॉलिसिटर जनरलनी अशा दीडशेहून अधिक तरतुदींचा पाढा वाचला. समोर अर्जदारांचे डझनभर ज्येष्ठ वकील होते आणि मागण्याही एकसारख्या नव्हत्या. काहींना विवाह हवा होता. काही याचिकांत तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीचा प्रश्न होता, जो घरातून पळून आलेल्या मुलींच्या जिवावर उठतो. आणि क्वीअर स्त्रियांच्या गटांची एक याचिका तर ‘निवडलेल्या कुटुंबा’ला मान्यता मागत होती, म्हणजे जन्मदात्या घराऐवजी कुणाला आपलं म्हणायचं ते ठरवण्याचा हक्क. मुंबईत १९९५ मध्ये स्त्री संगम म्हणून सुरू झालेल्या लाबियासारख्या गटांनी वर्षानुवर्षं मांडलेला प्रश्न तो हाच. दहा दिवसांच्या वादळात हा आवाज कडेला राहिला.

सुनावणीच्या मध्यावर पीठानंच सुचवलं, की विवाहाचा शिक्का बाजूला ठेवून बँक खातं, विमा, नामनिर्देशन अशा गोष्टींचं काय करता येईल ते सरकारनं सांगावं. ३ मे ला केंद्रानं कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची तयारी दाखवली. त्या क्षणी अर्जदारांच्या हातात एकच संयुक्त कागद हवा होता: विवाह मिळाला नाही तर पर्यायी मागणी म्हणून या पंधरा-वीस गोष्टी, प्रत्येकीसमोर कोणता नियम, कोणतं परिपत्रक, कोणतं खातं आणि किती मुदत. असा पर्यायी कागद दिला की मुख्य मागणी कमजोर होते, ही वकिलांची भीती मला पटत नाही. न्यायालयाला नाही म्हणणं सोपं जातं ते मधली पायरी समोर नसते तेव्हा.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क पाचही न्यायमूर्तींनी नाकारला. सिव्हिल युनियनच्या मुद्द्यावर ३ विरुद्ध २. बहुमतानं समितीचं काम सरकारच्या निवेदनाच्या भरवशावर सोडलं, मुदत घातली नाही. समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्या वर्षी शिधापत्रिकेत एक कुटुंब धरणं, संयुक्त बँक खातं व नामनिर्देशन, आणि जवळचे नातेवाईक नसल्यास पार्थिव ताब्यात घेणं यांबद्दल सूचना निघाल्या. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. भिन्नलिंगी नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना सध्याच्याच कायद्यांखाली लग्न करता येतं, हे मात्र त्याच निकालानं पक्कं केलं, आणि त्याचा वापर अजून फार थोडे करतात.

विधिमंडळाची वाट बंद नाही, पण अवघड आहे. विवाह समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्य विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करू शकतं; मात्र केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत याच कायद्याच्या दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आसाम, आंध्र प्रदेश यांनी विरोध कळवला; महाराष्ट्रानं आणखी वेळ मागितला. विरोध न कळवणं हीही एक जागा असते. मॅसइक्वॅलिटीचे लोक असते तर त्या दिवशीच मंत्रालयाच्या पायऱ्या चढले असते.

सध्या चालू असलेल्या दाव्यांत लक्ष ठेवण्यासारखा एक मुंबई उच्च न्यायालयात आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५६(२)(x) प्रमाणे वर्षभरात ५० हजारांवरच्या भेटी उत्पन्न म्हणून करपात्र ठरतात, नातेवाइकांकडून मिळाल्या तर नाही, आणि नातेवाइकांत पती-पत्नी येतात, समलिंगी जोडीदार येत नाही. २०२५ मध्ये एका जोडप्यानं याला आव्हान दिलं. घाट विंडसरचाच आहे: छोटा प्रश्न, रुपयांत मोजता येणारा. पण एक फरक विसरून चालणार नाही. विंडसर यांचं लग्न कायद्यानं झालेलं होतं, वाद फक्त केंद्रानं ते मानायचं की नाही याचा होता. इथे लग्नच नाही, तेव्हा ‘जोडीदार’ कोण हे आधी सिद्ध करावं लागणार, आणि सरकार लगेच २०२३ चा निकाल पुढे करणार. म्हणून या दाव्याच्या शेजारी असे दावे हवेत ज्यांत ‘पती’ किंवा ‘पत्नी’ हा शब्द लागतच नाही. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडलेल्या कुटुंबाची कल्पना मान्य केली आहे. त्याआधी २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं जोडप्यांमधल्या कौटुंबिक सहवासाच्या कराराची नोंद करण्याची कल्पना तमिळनाडू सरकारपुढे ठेवली होती.

महाराष्ट्रात तर कोर्टाचीही गरज नसलेलं एक काम पडून आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय. नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद घातली गेली. रुग्णानं आधी लेखी नाव दिलेल्या व्यक्तीला माहिती द्यावी आणि रुग्ण बेशुद्ध असताना तिची संमती ग्राह्य धरावी, एवढी भर तिच्यात घालायला विवाहाची व्याख्या लागत नाही आणि राष्ट्रपतींची संमतीही लागत नाही. नियम बदलायला आरोग्य खात्याची अधिसूचना पुरते. मसुदा दोन पानांत मावतो. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या संघटना, लग्नाशिवाय राहणारी जोडपी, घर सोडून आलेल्या विधवा यांच्याही तो उपयोगाचा आहे, तेव्हा सह्या करायला क्वीअर गटांच्या बाहेरची माणसं मिळतील, आणि आमदाराला शिष्टमंडळ भेटायला जाईल तेव्हा तीच पुढच्या रांगेत बसलेली बरी.